घशाखाली उतरते

प्रागमध्ये कुठे जेवावं, कुठे प्यावं आणि कुठल्या गल्लीत पाय मोकळे करावेत हे परदेशी पाहुण्यांना सांगणं हा ओत्मार शेबेस्ताचा धंदा होता, आणि त्या पाहुण्यांचं तोंड पाहणंसुद्धा त्याला नको असायचं. यात काही चमत्कारिक आहे असं निदान प्रागमध्ये तरी कुणाला वाटत नसे.

‘प्राग, आतून’ नावाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला त्याचा सल्ला चेकमध्ये आणि इंग्रजीत यायचा. वर त्याचा फोटो. फोटोत डोक्यावर चौकडीची टोपी. ओत्मार जन्मात टोपी घालत नसे, पण टोपीशिवाय तो पुरेसा अस्सल दिसत नाही असं संपादकीणबाईंचं म्हणणं पडलं आणि टोपी कचेरीच्या खर्चानं आली. त्या टोपीखालून तो लोकांना नदीपलीकडे पाठवी, टेकडीवर चढवी, ट्रामच्या पार शेवटच्या थांब्यावर नेऊन सोडी. या सगळ्या भटकंतीमागे एकच सूत्र होतं. व्हर्शोव्हित्से भागातल्या ‘उदास बोका’ या पबच्या आसपास एकही पाहुणा फिरकता कामा नये.

कारण ‘उदास बोका’मध्ये ओत्मारची खुर्ची होती. खिडकीजवळचं टेबल रोजच्या गिऱ्हाइकांचं. त्यावर पितळी पाटी. त्या टेबलावर परक्यानं बसायचं नसतं, आणि बसलाच तर त्याला कुणी ऊठ म्हणत नसे. सगळे नुसते त्याच्याकडे बघत राहायचे, आणि तो आपोआप उठायचा. ओत्मारची खुर्ची भिंतीला पाठ करून होती. शेजारी विलेम, निवृत्त ट्रामचालक. बिअरच्या नळावर मालकीण मिलादा. नवरा गेल्यापासून ती एकटीच पब चालवायची. तिला काही सांगावं लागत नसे. बिअरचा मग रिकामा होत आला की ती दुसरा भरून आणायची, तो संपला की तिसरा. पुरे झालं की पिणाऱ्यानं मगाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून मगावर ठेवायची. एवढीच काय ती बोलाचाली. ही चकती फक्त पिणारा ठेवतो. पाजणाऱ्यानं ठेवायची रीत नाही.

कौतुक करायचीही रीत नव्हती. ओत्मारची आई नवी सून म्हणून घरात आली, तिनं पहिल्यांदा पावाचे उकडलेले गोळे केले, तेव्हा सासरे म्हणाले, “याहून वाईट खाल्लेत.” ती बाई मरेपर्यंत हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगत होती. अशा घरात वाढलेला माणूस आवडत्या गोष्टीबद्दल काय बोलणार? रोज पहिला घोट घेतल्यावर मिलादा भुवई उंचावायची, ओत्मार म्हणायचा, “घशाखाली उतरते,” आणि ती तृप्त होऊन नळाकडे परतायची.

कौतुकाचे शब्द त्यानं राखून ठेवले होते ते शत्रूसाठी. शत्रू म्हणजे रूडा, ‘सोन्याचं पीप’ या पबचा मालक. या रूडानं एकदा ओत्मारला आपल्या पबमधल्या पितळी पाटीच्या टेबलावरून भर दुपारी दंडाला धरून उठवलं होतं. त्याची बिअर आंबट, त्याचं गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, परवाचं, त्याचे नोकर अंगावर येणारे. ओत्मारनं ठरवलं की याच्या गळ्यात जगभरचे पाहुणे बांधायचे, बस बोंबलत. त्यानं लिहिलं, ‘इथली बिअर म्हणजे जिभेवरचं गाणं. इथला नोकर तुमच्यावर खेकसला तर खुशाल समजा, त्यानं तुम्हाला आपलं मानलं.’ हे लिहिताना तो इतका हसला की बायको स्वयंपाकघरातून विचारत आली, बरं आहे ना म्हणून.

पाहुणे गेले. नुसते गेले नाहीत, रांगा लागल्या. खेकसून घ्यायला लोक जपानहून येऊ लागले. जो नोकर चुकून नीट बोलला त्याच्याविरुद्ध तक्रारी आल्या. रूडानं पाटीला नवा सोनेरी रंग दिला आणि पोट वाढवलं.

एका बुधवारी दुपारी ओत्मार ‘उदास बोका’त शिरला तर मिलादा मगच्या मग बिअर मोरीत ओतत होती.

“अगं, काय करतेस हे?” ओत्मार किंचाळला. प्रागमध्ये माणूस इतका फक्त दोन प्रसंगी किंचाळतो, आणि दुसरा प्रसंग आगीचा.

“चाखून बघ,” मिलादा म्हणाली.

त्यानं चाखली. आंबट होती.

“पीप एकदा फोडलं की पटापट संपायला हवं,” ती म्हणाली. “पूर्वी दुपारी फोडलेलं पीप संध्याकाळी कोरडं व्हायचं. आता तुम्ही दोघं आणि कधीमधी तो दातांचा डॉक्टर. चार-चार दिवस पीप तसंच पडून असतं. मी नळ कितीही घासले तरी बिअर पिणाऱ्यांवरच जगते रे, ओत्मार.”

“मग लहान पीप आण.”

“लहान पाठवायला बिअरचा कारखाना तयार नाही. म्हणे एवढ्याशासाठी गाडी परवडत नाही. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं तर ठीक, नाहीतर दाराला कुलूप.” तिनं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. “तू इतक्या जणांबद्दल लिहितोस. आमच्याबद्दल कधी लिहिलं नाहीस. मी कधी विचारलंही नाही. आज विचारते.”

ओत्मार मान खाली घालून म्हणाला, “लिहितो.”

घरी येऊन तो लिहायला बसला. ‘जिभेवरचं गाणं’ असं लिहिलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. रूडाबद्दल हे शब्द लिहिताना हात सुसाट धावला होता. मिलादाबद्दल तेच लिहिणं म्हणजे तिला फशी पाडण्यासारखं वाटलं. खोटं लिहायला सोकावलेल्या माणसाला खरं लिहायची लाज वाटली, दुसरं काय! आणि खुर्चीचा विचार मनात आला नाही असंही नाही. खिडकीजवळ, भिंतीला पाठ करून, उन्हाळी टोपीतला कुणी पाहुणा बसलाय आणि ताटातल्या बटाट्यांचे फोटो काढतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यानं सगळं खोडून जे खरं होतं तेवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

शुक्रवारी विलेमनं फोन नाकाशी धरून ते मोठ्यानं वाचलं. “उदास बोका, व्हर्शोव्हित्से. बिअर घशाखाली उतरते. गुलाश खाऊन आजवर कुणी मेलेलं नाही. मालकीण उगाच बोलत नाही. खुर्च्या आहेत.”

विलेमनं फोन खाली ठेवला.

“ओत्मार,” तो घसा खाकरत म्हणाला, “जरा जास्तच झालं नाही का? माणसानं इतकं चढवून ठेवू नये. गुलाशचं ठीक आहे, पण ते ‘उगाच बोलत नाही’... लोक म्हणतील, ह्यांचं काहीतरी आहे.”

“तू गप रे,” मिलादा म्हणाली. ती पाठमोरी होऊन आधीच लखलखीत असलेला नळ पुसत होती. “आमच्या ह्यांनी जन्मात मला असं काही म्हटलं नाही.” मग ती वळली. डोळे ओले होते आणि आवाज नेहमीपेक्षा खडा. “उद्या शनिवार. पडदे काढा. धुवायला हवेत.”

मग काय उत्साह! विलेमनं शिडीवर चढून पडदे उतरवले. दातांच्या डॉक्टरनं डुगडुगणारी टेबलं ठाकठीक केली. मिलादानं मोठ्या पातेल्यात गुलाश चढवलं, गोळे उकडले, व्हिनेगरमधल्या सॉसेजच्या बरण्या भरल्या. धाकट्या भावाला फोन करून त्याच्या गाडीतून कारखान्यातली दोन मोठी पिपं मागवली. आणि शनिवारी सकाळी ओत्मारनं, कुणी सांगितलेलं नसताना, खिडकीजवळच्या टेबलावरची पितळी पाटी उचलून खिशात घातली. आपण केवढा त्याग केला या विचारानं तो तासभर स्वतःवरच खूश होता.

दुपार झाली. कुणी आलं नाही. चारला कुत्रं घेऊन एक शेजारी आला, गर्दी नाही बघून हळहळला आणि बाहेर पडला. दोन्ही पिपं फोडून ठेवलेली. पाच वाजता दार उघडलं आणि पाठीवर पिशव्या घेतलेलं एक परदेशी जोडपं आत आलं. विलेम उठून उभाच राहिला. बाईनं हसून इंग्रजीत काहीतरी विचारलं, विलेमनं बोट दाखवलं, दोघं आळीपाळीनं शौचालयात जाऊन आले. जाताना पुरुष थांबला आणि ओत्मारकडे बघून बरंच काही बोलला. टोपी नव्हती, त्यामुळे त्यानं ओत्मारला ओळखलं नव्हतं.

इंग्रजी ओत्मारशिवाय कुणाला येत नव्हतं.

“काय म्हणतो?” मिलादानं विचारलं. हातात डाव होता.

“पडदे छान आहेत म्हणतो.”

“ओत्मार.”

“म्हणतो, तुमच्याबद्दल वाचलं. वाईट वाटलं. तो लिहिणारा फार प्रेमळ माणूस आहे, म्हणतो. त्याला कुठेही काहीतरी चांगलं सापडतंच. त्यालासुद्धा इथे खुर्च्यांपलीकडे काही सापडलं नाही, म्हणजे...”

“म्हणजे?”

“म्हणजे ते आता ‘सोन्याचं पीप’मध्ये चाललेत.”

जोडप्यानं हात हलवून निरोप घेतला. दार लागलं. मिलादानं डाव पातेल्यात ठेवला.

“रूडाबद्दल काय लिहिलं होतंस तू?”

विलेमनं फोनवर शोधून काढलं आणि हळू आवाजात वाचलं. जिभेवरचं गाणं. आपलं मानलं. सगळं.

“अगं, पण ते खोटं होतं!” ओत्मार कळवळून म्हणाला. “शब्दन् शब्द खोटा! तुझ्याबद्दल खरं लिहिलं. मनापासून लिहिलं.”

“माहीत आहे मला,” मिलादा म्हणाली. “पडदे काय उगाच धुतले? पण तू इतकं खोटं बोलतोस, इतक्या जणांसाठी. माझ्यासाठी थोडं बोलला असतास तर काय बिघडलं असतं?”

ओत्मारनं खिशातली पाटी काढून टेबलावर ठेवली. ती ठेवतानाचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

महिनाअखेरीला ‘उदास बोका’ बंद झाला. आता तिथे पायांची मालिश होते. टेबलावरची मंडळी पांगली. दातांचा डॉक्टर घरी वाइन पिऊ लागला, म्हणजे कामातून गेला. ओत्मार बाटलीतली बिअर स्वयंपाकघरात उभ्यानं पिऊ लागला. तो इतका भुतासारखा दिसू लागला की शेवटी एका रविवारी दुपारी विलेमनं त्याला गाठून सांगितलं, “मिलादा ‘सोन्याचं पीप’मध्ये आहे. नळावर. रूडानं बोलावून घेतली.”

ओत्मार गेला. रांगेत उभा राहिला. पुढेमागे सगळे त्याचाच लेख वाचत होते. दारात रूडानं त्याला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

“अरे, या या, अन्नदाते! रांगेत कसले उभे राहता?”

ज्या टेबलावरून एकदा उठवलं होतं, त्याच टेबलावर रूडानं त्याला नेऊन बसवलं. भिंतीला पाठ. वर चौकट करून त्याचाच टोपीतला फोटो लावलेला. पाहुण्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि फोन बाहेर काढले. एक नोकर जाता जाता त्याच्यावर खेकसला तेव्हा टाळ्या पडल्या.

मिलादा आली. पांढरं स्वच्छ एप्रन, केस बांधलेले. ओळख असल्याचं तिनं दाखवलं नाही आणि नसल्याचंही दाखवलं नाही. तिनं भरलेला मग त्याच्यापुढे ठेवला आणि नेहमीसारखी एक पाऊल मागे सरून उभी राहिली.

ओत्मारनं घोट घेतला आणि तो थक्क झाला. थंडगार, ताजी, वर साईसारखा दाट फेस. आंबटपणाचा मागमूस नाही. इतके पिणारे, पिपामागून पीप, आणि नळावर मिलादाचा हात. त्यानं शत्रूबद्दल जे जे खोटं लिहिलं होतं ते ते खरं होऊन बसलं होतं. अशी बिअर तो आयुष्यात प्यायला नव्हता.

मिलादानं भुवई उंचावली.

आज सांगायचंच, ओत्मारनं ठरवलं. शब्द तयार होते, त्याचेच होते, या घडीला खरे होते. जिभेवरचं गाणं. तुझ्या हातची. मला माफ कर. त्यानं तोंड उघडलं. आजूबाजूचे सगळे फोन त्याच्याकडे वळले. कानाच्या पाळ्या तापल्या.

“घशाखाली उतरते,” तो म्हणाला.

मिलादानं मान डोलावली. खाली वाकून मगाखालची चकती अलगद ओढून घेतली, कडेनं झटकली, आणि त्याच्या मगावर ठेवली. नंतर ती रांगेकडे वळली.

त्याचा मग अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता.