डाव्या अंगाचं बेंड

सखूबाईचं चौंडकं उंदरांनी खाल्लं, ही गोष्ट पिंपळगाव रेणुकाईत सखूबाईच्या आधी खालच्या आळीला कळली. कशी, ते रेणुकाआईलाच ठाऊक. घट बसायला आठवडा राहिला म्हणून तिनं खुंटीवरची पिशवी काढली, तर बुडाच्या कातड्याची झालर झालेली आणि तार लोंबत असलेली.

हे चौंडकं तिच्या सासूचं. सासू ते काखेत धरायची, डाव्या मुठीनं तार ताणायची आणि उजव्या हातानं छेडायची. तार ढिली सोडली की म्हशीसारखं हंबरायचं, आवळली की सासरी निघालेल्या पोरीसारखा हुंदका द्यायचं. सखूबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हा तो हुंदका ऐकून भर देवळात रडली होती. सासू म्हणाली होती, "हिला कळतं. माझ्यामागं चौंडकं हिचं."

आणि गावचा रिवाज असा, की घटाच्या दिवशी आईपुढं पहिलं गाणं चौंडकंवालीचं. खालच्या आळीच्या मेळ्याकडं चौंडकं नव्हतं. भोंगा होता आणि पहिल्या गाण्याची फार जुनी इच्छा होती. भोकरदनच्या बाजारात चौंडकं मढवून देणारा म्हातारा केव्हाच वारला होता, आणि त्याच्या पोरानं मोबाइलचं दुकान टाकलं होतं.

"होईल काहीतरी," एवढं बोलून तिचा नवरा राधाकिसन मागच्या खोलीत गेला आणि त्यानं आतून कडी लावली. भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. घरात आग लागली तरी आधी सूर लावील, असं सखूबाईचं मत होतं. दुसऱ्या दिवशीही तो खोलीतच. तिसऱ्या दिवशी ती गोवऱ्या आणायला मागं गेली, तर खिडकीतून त्याचा आवाज आला. नातीशी, प्रांजलीशी, फोन चालला होता. प्रांजली नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला होती.

"हां, बेंड डाव्या अंगालाच हाये," राधाकिसन सांगत होता. "लई टणक हाये गं. बोटानं वर ढकलतो, पण सोडलं की आपोआप खाली बसतं. आन् मोड? मोड त्याच्या बाजूलाच हाये की. त्यो मात्र आपोआप बसत न्हाई, हातानं बसवावा लागतो... काय? बेंड आजून वाढवायचं? बारापर्यंत? बराबर, वाढवतो. पण आजीला बिलकुल सांगू नको."

सखूबाईच्या हातातल्या गोवऱ्या पडल्या. माणसाला बेंड झालं, मोड आले, आणि बायकोला पत्ता नाही! मोड बेंडाच्या बाजूलाच, म्हणजे बेंड नेमकं कुठं, हा विचार मात्र तिनं पुढं नेला नाही.

त्या दुपारी राधाकिसनच्या ताटात सुरणाची भाजी आणि तांब्याभर ताक आलं. पाटावर मऊ उशी होती.

"ठेचा कुठंय?"

"ठेचा इसरा आता."

"आन् उशी कशाला?"

"गुमान बसा. जेवढं बसता येईल तेवढं बसा."

शेजारच्या कडूबाच्या आईला तिनं ही गोष्ट शपथ घालून सांगितली. त्यामुळं संध्याकाळपर्यंत ती फक्त गावातच पसरली. पारावर खालच्या आळीच्या भुजंगनं भोंग्याशिवायच भोंग्याएवढ्या आवाजात विचारलं, "राधाकिसनबाबा, बसता येऊन राह्यलं ना?"

"का बरं? मी काय घोड्यावर बसायलोय?" राधाकिसन म्हणाला, आणि पार का हसतोय ते न कळून घरी आला.

सकाळी सखूबाईनं कांदा भाजला, त्यात हळद-तेल घातलं आणि पोटीस घेऊन मागच्या खोलीचं दार धडधडवलं.

"दाखवा."

"काय?"

"बेंड. समदं ऐकलंय मी. आवो, लगनाच्या बायकोपुढं लाज कसली? जल्दी करा, पोटीस निवायलंय."

राधाकिसन तिच्याकडं बघत राहिला. मग पोटीसाकडं. मग त्याला ताक, उशी आणि पार, सगळं एकदम उमगलं. "आगं येडे," म्हणत त्यानं कोपऱ्यातली चादर ओढली. खाली प्रांजलीनं घरी ठेवलेला, पेटीसारखा वाजवायचा कीबोर्ड होता. त्याच्या डाव्या टोकाला दोन छोटी चाकं होती.

"हे बेंड. सूर वर-खाली ओढतंय, पार बारा सुरांपर्यंत. हा मोड. सूर थरथरवतोय. आता बस, न्हाईतर त्या कांद्यानं यालाच शेकशील."

प्रांजलीनं त्याला तारेच्या वाद्याचा आवाज शोधून दिला होता. त्यानं पट्टी दाबली, चाक ढकललं. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला.

"चौंडकं करून राह्यलो होतो गं तुझ्यासाठी," तो ओशाळून म्हणाला. "पण पेटीवाल्याचा हात. त्याला सूर दाबायचं कळतं, ओढायचं कळत न्हाई."

सखूबाईनं पोटीस खाली ठेवलं. "सरका तिकडं. तुम्ही नुस्तं छेडा."

तिनं डावा हात चाकावर ठेवला. आवळताना घाई करायची नाही, सोडताना पार सोडायचं नाही, हे सासूनं मुठीवर मूठ ठेवून शिकवलेलं. तिनं चाक हळूच वर नेलं आणि अर्ध्यात रोखलं. कीबोर्डातून हुंदका आला. राधाकिसननं मोड जरासा चढवला, तसा सूर थरथरला; म्हातारपणी सासूची मूठ थरथरायची, अगदी तसा. सखूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"रडतीस कशाला?"

"कांदा हाये तिथं," ती म्हणाली.

घटाच्या दिवशी भुजंगनं देवळात हरकत घेतलीच. "हे चौंडकं न्हाई, इजेवरचं पेटारं हाये. पहिलं गाणं आमचं."

"तुझ्या आईला इचारू," सखूबाई म्हणाली. भुजंगची आई गावात सगळ्यांत म्हातारी, खालच्या आळीची, डोळ्यांनी अधू. सखूबाईच्या सासूला तिनं मन भरून ऐकलं होतं. तिचा शब्द भुजंगलाही मोडता येण्यासारखा नव्हता.

राधाकिसननं पट्टी दाबली. सखूबाईनं चाक ओढलं. देवळात म्हैस हंबरली, मग पोर सासरी निघाली.

म्हातारीनं मान डोलवली. "भुजंगा, गप बस. सखूची सासूच बोलून राह्यली ही. सखू, कातडं कुणाकडून मढवलंस गं?"

"मढवलं न्हाई, मावशी. ह्यात बेंड हाये."

"आगं बया! ते तर राधाकिसनला झाल्तं म्हणं!"

देऊळ खदखदलं. भुजंगसुद्धा हसला, आणि हसता हसता भोंग्याचा माईक त्यानं आपणहून सखूबाईच्या तोंडापुढं धरला. राधाकिसननं मात्र मान वर केली नाही. घरून आणलेल्या उशीवर तो नीट सावरून बसला आणि पुटपुटला, "छेडू का?"

"छेडा," सखूबाई म्हणाली, आणि तिनं पहिलं गाणं उचललं.