नकाशाला पडलेली भोकं

"आतोबा, ही जाहिरात तुम्ही सोडून दुसऱ्या कुणा जिवंत माणसाला दिसली आहे का हो?"

प्रश्न विचारला पुटपुटने, पण डोकं त्यामागे तिच्या दोन मैत्रिणींचं होतं, उंच मानेची उंटीण आणि चष्मेवाली. आदल्या दिवशी उंटीण शिकवणीला गेलेली असताना तिच्या घरची मोरी तुंबली. तिच्या आईने फोनवर शोधलं आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाची माणसं येऊन पाइप मोकळा करून, वर उपदेश करून गेली. "तुझे बाबा चोकअप काढतात ना? मग त्यांचं नाव का नाही आलं? आईने पानंच्या पानं चाळली!" उंटिणीने मधल्या सुट्टीत विचारलं. पुटपुट म्हणाली, आमची फोनवर जाहिरात आहे, आतोबा चालवतात. चष्मेवालीने चष्मा पुसत वरचा प्रश्न तयार करून दिला आणि म्हणाली, "हे अस्संच विचारायचं. शब्द बदलायचा नाही. टरकलीस तर उद्यापासून आमच्या बाकावर बसू नकोस."

पुटपुट हे नाव घरचं. आठवीपर्यंत ती तोंडातल्या तोंडात बोलायची, म्हणून. यंदा शाळेच्या वादविवादात तिने समोरच्या मुलाला असं काही गार केलं की परीक्षकांनीच पाणी मागवलं. तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज इतका आवडायला लागला होता की ती दूधवाल्यालाही मुद्दे मांडून दाखवायची.

आतोबा म्हणजे तिच्या आत्याचे यजमान. एका विमा कंपनीत कसलेसे उपव्यवस्थापक. चहात बिस्किट बुडवण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवत, जणू बिस्किटाचं ऑपरेशनच करायचं आहे. घरात त्यांना उलटून बोलायची पद्धत नव्हती.

"मला विचारतेस?" ते हसले. "अगं, मी रोज सकाळी घरी चहा घेताना शोधतो. रोज दिसते. झोकात!"

"मग कामं का येत नाहीत?"

"ते भिंतीवरचं पोस्टर नव्हे, बेटा. तिथे लिलाव चालतो. अल्गोरिदम असतो. मार्केट पिकावं लागतं."

"पुटपुटे, आतोबांशी असं बोलतात?" बाबा म्हणाले. पण त्यांचं लक्ष दाराबाहेर होतं. तिथे त्यांचं जेटिंग मशीन उभं होतं, धुऊनपुसून, होजपाइपची वेटोळी नीट घालून. जोराच्या पाण्याने कसलाही तुंबलेला पाइप फोडून काढणारं मशीन. आज सहा वाजता एक माणूस ते विकत घ्यायला येणार होता. कामंच नाहीत म्हटल्यावर ठेवून करायचं काय? आणि सोमवारपासून बाबा आतोबांच्या कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून बसणार होते. नोकरी आतोबांनीच बघून दिली होती. "इज्जतीची" हा शब्द ते त्या नोकरीच्या आधी दरवेळी लावत, आणि दरवेळी बाबांच्या रबरी बुटांकडे बघत.

"बाबा, जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर आहे ना? तुमच्या फोनवर कोड येईल. सांगा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" आतोबा म्हणाले.

"तेच बघते, मला कळतंय की तुम्हाला."

बाबांनी कोड वाचून दाखवला. का दाखवला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुटपुट टॅबलेट घेऊन उलट्या बादलीवर बसली आणि डॉक्टरने जीभ बाहेर काढायला लावावी तशी एकेक गोष्ट उघडायला लागली.

जाहिरात मंजूर होती, हिरवी खूण होती. म्हणजे नाकारलेली नव्हती. मग पैसे. ह्या जाहिरातीवर कुणी बोट लावलं तरच पैसे कापले जातात, आणि रोजच्या मर्यादेतले तर कापलेच जात नव्हते. म्हणजे पैसे कमी पडतात म्हणून जाहिरात थांबते, असंही नव्हतं. लिलावात लावलेली बोलीही बऱ्यापैकी होती. पान वाढून ठेवलं होतं, पण पंगतीला कुणी बसतच नव्हतं.

"बघ, मी म्हटलं ना," आतोबा म्हणाले, "सगळं ठीक आहे."

मग शब्द. कुणी काय टाइप केलं की आपली जाहिरात दाखवायची, त्या शब्दांची यादी. पुटपुटने ती उघडली, आणि वादविवादात करायची तसा घसा साफ केला.

"'सांडपाणी प्रवाह सुगमीकरण.' 'निचरा-समस्या समुपदेशन.' आतोबा, हे कुणी लिहिलं?"

"विचारपूर्वक लिहिलंय."

"घरात घाण पाणी उलटं वर यायला लागल्यावर माणूस समुपदेशन शोधतो? कुणाचं, पाइपाचं? त्याला बसवून विचारायचं, लहानपणी काय झालं होतं?"

आई चहा गाळत होती. हसू दाबताना तिच्या हातातली गाळणी हलली आणि ओट्यावर चहा सांडला.

"सभ्य शब्द आहेत," आतोबा म्हणाले. "समाजात वावरताना काही पथ्यं पाळावी लागतात."

"संडास तुंबला की पथ्य कोण पाळतं हो?"

पण तिथेही पुरतं उत्तर मिळेना. कारण त्या अगडबंब शब्दांच्या खाली बाबांनी अगदी सुरुवातीला घातलेले साधे शब्दही होते: 'ड्रेनेज चोकअप', 'मोरीचं पाणी जात नाही'. उंटिणीच्या आईने हेच टाइप केलं असणार. आणि तरी ते शब्दसुद्धा उपाशीच होते. शोधणारी माणसं होती, शब्द होते, पैसे होते, आणि जाहिरात काही केल्या समोर यायला तयार नव्हती.

"आता राहिलं ठिकाण," पुटपुट म्हणाली. "कुठे दाखवायची ते."

"तिथे काही बघण्यासारखं नाही," आतोबा म्हणाले आणि त्यांनी टॅबलेटसाठी हात पुढे केला. इतका वेळ ते बिस्किटासाठीसुद्धा इतके चपळ झाले नव्हते. पुटपुटने टॅबलेट छातीशी धरला आणि बादलीसकट मागे सरकली.

नकाशा हळूहळू उमटला. बाबा कामाला जातात तेवढा शहराचा भाग निळा होता, आणि त्यावर मोठाले लाल गोल. इथे एक, तिथे एक, एकात एक अडकलेले. शहराला गोवर आल्यासारखं दिसत होतं. लाल गोल म्हणजे 'इथे दाखवू नका'.

पुटपुटने पहिल्या गोलावर बोट ठेवलं. "ही तर तुमची कॉलनी."

आतोबांनी चहा यायच्या आधीच घड्याळ काढून बाजूला ठेवलं.

"तुम्ही रोज सकाळी घरी बघता ना जाहिरात? झोकात? तुमच्या घरी ती दिसूच शकत नाही, आतोबा. तुम्हीच बंद केलीय!"

बाबांनी मान वर केली.

मग ती थांबेनाच. दुसरा गोल आतोबांच्या ऑफिसभोवती. तिसरा त्यांच्या बॅडमिंटन क्लबभोवती. चौथा आतेबहिणीचं लग्न जिथे ठरत होतं त्या घराभोवती, चांगला ऐसपैस, सोयऱ्यांचे शेजारीपाजारीही सुटू नयेत असा. पाचवा आतोबांच्या साहेबांच्या बंगल्याभोवती. सगळे गोल वजा जाता जाहिरातीसाठी शिल्लक राहिलं होतं काय, तर तलाव, गोदामांची रांग आणि स्मशान. तलावाला चोकअपची तक्रार नसते. स्मशानातल्यांना तर कसलीच नसते.

"वा!" पुटपुट म्हणाली. "मार्केट पिकतंय!"

"तोंड सांभाळ," आतोबा उखडले. "काय चुकलं माझं? उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, अहो, काल संडासाचा माणूस शोधत होतो तर तुमच्या मेव्हण्यांचा फोटो आला, तर तुझ्या आत्याने तोंड कुठे लपवायचं? फुकटात करतोय मी हे सगळं!"

"ताईने सांगितलं होतं," बाबा हळूच म्हणाले. "मी हो म्हटलं होतं, भाऊजी. पण एकच गोल म्हणाली होती ती. तुमच्या घरापुरता. एकच."

पुटपुटने बाबांकडे बघितलं आणि तिला त्यांचाही राग आला. असा कसा हा माणूस? स्वतःला पुसून टाकायला हो म्हणतो, आणि वर हिशेब ठेवतो की थोडंच पुसायचं ठरलं होतं!

"आणि हा?" तिने शेवटच्या गोलावर बोट ठेवलं. "हा तर माझ्या शाळेभोवती आहे. उंटिणीचं घर ह्यातच येतं. हा कुणासाठी?"

"तुझ्यासाठी!" आतोबांना एकदम बळ आलं. "पोरी चिडवतील म्हणून. मोठी होतेस आता. उपकार मानायचे सोडून..."

आणि खरं सांगायचं तर एक क्षण पुटपुटला बरं वाटलं. तिच्या वर्गातल्या त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या मुली, त्यांच्या आया, त्यांच्या हातातले फोन, आणि त्यात रबरी बूट घातलेले बाबा. नाही दिसले ते, बरंच झालं. असं तिच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर तिचे कान तापले. म्हणजे तीही ह्यांच्यातलीच? बिस्किटाला घाबरून घड्याळ काढणाऱ्यांतली?

"तुमच्या घरचं चोकअप कोण काढतं, आतोबा?" तिने विचारलं.

उत्तर आईने दिलं. चहाचा कप आतोबांसमोर ठेवून, पदराला हात पुसत, अगदी सावकाश. "हेच काढतात. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायची आणि होजपाइप पोत्यात गुंडाळून मागच्या दाराने न्यायचा, असं सांगता ना भाऊजी तुम्ही? ते पोतं मीच शिवलंय. नाडीसुद्धा लावलीय, तोंड बंद करायला."

पुटपुटने गोल पुसायला सुरुवात केली. बोट ठेवायचं, पुसायचं. साहेबांचा बंगला. क्लब. ऑफिस. सोयऱ्यांचं घर. प्रत्येक वेळी आतोबा "अगं!" म्हणत होते आणि प्रत्येक वेळी जास्त बारीक आवाजात. आत्याच्या कॉलनीवर येऊन ती थांबली.

"बाबा, काढू?"

बाबांनी कपाळ चोळलं. बहिणीला दिलेला शब्द होता तो. ते मशीनकडे बघत राहिले, मग बायकोकडे बघितलं.

"काढ," ते म्हणाले.

आतोबांनी घड्याळ मनगटावर चढवलं. "दाखवा मग साऱ्या जगाला! सहाला माणूस येईल मशीनसाठी. आणि नोकरीची जागा कुणासाठी थांबत नाही, एवढं सांगून ठेवतो." चहा तसाच टाकून ते गेले. जाताना अंगणातल्या होजपाइपला पाय लागू नये म्हणून त्यांनी पँट दोन्ही हातांनी वर धरली होती.

थोडा वेळ गेल्यावर बाबा खुर्चीत टेकले. "चुकीचं नाही गं बोलत ते. डोक्यावर पंखा, स्वच्छ शर्ट. महिन्याच्या महिन्याला पगार. आता जाहिरात दिसली तरी फोन येतीलच कशावरून?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मशीन घेणारा माणूस आला होता. बाबा उठायला लागले, तशी पुटपुट दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली, टॅबलेट काखेत मारून.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि शब्दन् शब्द बाहेरच्या टेम्पोवाल्यालाही कळावा इतक्या मोठ्याने म्हणाली. "मशीन विकायचं नाही, त्या माणसाला तसं मीच सांगून येते. आजपासून जाहिरात मी चालवणार. शाळेभोवतीचा गोल मी पुसलाय, आणि त्या भागात बोली सगळ्यांत जास्त लावलीय. शाळा सुटल्यावर फोन मी उचलणार आणि 'चोकअपवाल्यांची मुलगी बोलतेय' असं सांगणार. वार्षिक परीक्षेपर्यंत मुदत द्या मला. तोवर कामं नाही आली, तर मशीनला गिऱ्हाईक मी शोधून आणीन. पण बाबा, तोवर तुम्ही त्या गोदामात जायचं नाही, आणि ते पोतं आई आत्ता उसवेल."