बोगद्यावरचं नाव

पंच्याऐंशी साली वरठीच्या गणपतीपुढे दरेकशाचा डोंगर उभा राहिला. एका अंगाला बोगदा, दुसऱ्या अंगाला वैनगंगेचा पूल, मधोमध आपलं स्टेशन, आणि रुळांवरून गुरगुर फिरणारी चावीची गाडी. गाडी सोडली तर सारं थर्माकोलचं! स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या तुलाराम काटेवाल्यानं भंडाऱ्याच्या टीव्हीच्या दुकानांतून खोक्यांतला थर्माकोल मागून आणला, विजेच्या शेगडीची तार तापवून तो लोण्यासारखा कापला, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून झाडी लावली. दोन महिने ड्युटी सुटली की हेच.

आस एकच. कीर्तनात पूर्वरंग संपला, बुवांना हार-बुक्का झाला, की मंडळ एका सेवेकऱ्याला बुवांच्या हातून मानाचा नारळ देई. तुलारामच्या बापाचा जन्म बुवांमागे झांजा वाजवण्यात गेला, पण तो नारळ काही हाती आला नाही.

"यंदाचा नारळ तुयाच, तुल्या," मंडळाचा सेक्रेटरी गोपीचंद म्हणाला होता. दोघं लंगोटीयार. गोपीचंद रोज संध्याकाळी येई, खुर्चीत बसून चहा पिई, "वा रे गड्या!" म्हणे. हात मात्र कशाला लावला नाही.

कीर्तनाच्या दिवशी तुलाराम ड्युटी संपवून, धुवट धोतर नेसून मांडवात शिरला, तेव्हा बुवांच्या गळ्यात हार पडत होता. बुवा डोंगराकडे पाहून हरखले. "ही करणी कोणाची, बाबांनो?"

गोपीचंद उठला. हात जोडले. "आपल्या आशीर्वादानं मीच उभी केली, महाराज."

नारळ त्याच्या ओंजळीत पडला. टाळ्या झाल्या.

"अवो, हे काय बोलून राहिले भाऊजी?" शकुनबाईनं नवऱ्याची बाही ओढली.

तेवढ्यात तुलारामच्या नाकात वास शिरला. थिनर! बोगद्याच्या माथ्यावर लाल ऑइल पेंटात ओली अक्षरं होती: 'निर्माता गोपीचंद'. पाटी रंगवणाऱ्याला आत्ताच धरून आणलं असणार. थर्माकोलला पाण्याचाच रंग चालतो, थिनर त्याला मिठासारखा विरघळवतो. ज्यानं एकदा हात लावला त्याला हे पहिल्याच दिवशी कळतं. अक्षरं आत धसत होती, लाल ओघळ कमानीकडे निघाला होता.

गप्प बसला असता, तर घटकाभरात साऱ्या मांडवाला खरं-खोटं दिसलं असतं. पण बोगदा गेला असता. तुलाराम धावला, खिशातल्या ब्लेडनं नावाचा तुकडाच कापून काढला.

"अरे, काय करून राहिला रे!" मांडव उसळला.

"नाव पाहवलं नाही मेल्याले," बायकांत पुढे बसलेली रंभाबाई फणकारली. "देवाच्या दारात जळते!"

"जाऊ द्या, मावशी," गोपीचंद मोठ्या मनानं म्हणाला. "दोस्त हाय माया. असते एखाद्याचं मन लहान."

बुवांनी चिपळ्या वाजवल्या, उत्तररंग सुरू झाला. तुलाराम पार मागे बसला, मांडीवर तो तुकडा. अक्षरं आरपार गेली होती, त्यांतून खालचं धोतर दिसत होतं. बापाच्या झांजांचा ठेका कोणी दुसराच धरत होता.

आरतीच्या गर्दीत गोपीचंद हळूच शेजारी टेकला. तुकड्याकडे पाहिलं, नजर चोरली.

"तुल्या, मंग नाव कायच्या रंगानं लिवा लागते?"

तुलारामनं त्याच्या काखेतल्या नारळाकडे पाहिलं.

"पाण्याच्या," तो म्हणाला. "डिंक घालजो. नाही तर टिकत नाही."