चौथ्या लायनरचा थेंब

बाहेर कुठे टिपूसही दिसत नव्हता, तरी बसचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, रोज कमी होत होतं. इंजिन सगळं उघडून नुकतंच नव्यानं बांधलेलं, आणि बांधणारे तिचे वडील; ती त्यांच्याच गॅरेजात हाताखाली काम करायची. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांनी बांधलेलं इंजिन तक्रार घेऊन परत आल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे बसवाला कुरकुरत आला, तेव्हा बापलेकींनी आधी त्यालाच वेड्यात काढलं.

“मग काय ताई, ते पाणी मी पितो का?” तो वैतागला.

तिनं पाइप चाचपले, क्लॅम्प आवळले, पंपाखाली कागद अंथरून पाहिला. सगळं कोरडं ठणठणीत. मग ऑइल मोजायची पट्टी ओढली आणि तिचा चेहराच उतरला. ऑइल दुधाळ झालं होतं. पाणी बाहेर जात नव्हतं, आतच उतरत होतं.

“हेड गॅस्केट फाटलं असेल,” उस्ताद म्हणाले. “हल्ली माल भिकार येतो.”

ऑइल काढून तिनं खालचं चेंबर उतरवलं, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला आणि टॉर्च घेऊन बसखाली आडवी झाली. बराच वेळ काहीच नाही. मग चौथ्या लायनरच्या कडेला हिरवा थेंब फुगला, लोंबला आणि टपकन तिच्या गालावर पडला.

लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. तिच्याभोवती पाणी खेळतं, आणि ते खाली झिरपू नये म्हणून बुडाशी खाचांत रबरी रिंगा बसवतात. एखादी फाटली असेल, असं धरून तिनं हेड उतरवलं, पिस्टन काढला, लायनर वर ओढला.

खाचा रिकाम्या होत्या. रबराचा तुकडासुद्धा नाही.

“बाबा, यात रिंगाच नाहीत.”

“काहीतरीच काय बोलतेस! मी स्वतः साबण लावून बसवल्यात.” त्यांनी लायनर हिसकावून घेतला आणि खाचेतून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. “रिंग बसली की बोटाला कळतं गं. ते कळलेलं मला आठवतंय.”

ते खोटं बोलत नव्हते. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

“होतं असं कधीकधी,” बसवाला चाचरत म्हणाला.

उस्ताद मटकन स्टुलावर बसले. चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला. “याच्याआधी कुठलं इंजिन बांधलं मी?”

तिचा हात फोनकडे गेला. “अँब्युलन्सचं.”

फोनवर अँब्युलन्सचा ड्रायव्हर मजेत होता. “आत्ताच पेशंटला सोडलं बघा. टेंपरेचरचा काटा जरा वर असतो हल्ली, पण पळतेय मस्त.”

“चालू करू नका!” ती एवढ्यानं ओरडली की बसवाल्याच्या हातातला पाना पडला. “किल्ली काढा आधी!”

अँब्युलन्स दोरी बांधून ओढत आणली. पट्टी उस्तादांनीच ओढली. तेच, दुधाळ. पट्टी हातात धरून ते उभेच राहिले. ऑइल मनगटावरून बाहीत उतरलं तरी त्यांना पत्ता नव्हता.

“आत माणूस होता,” ते पुटपुटले. “अगं, आत्ता हिच्यात माणूस होता.”

तिनं पट्टी हळूच काढून घेतली.

अँब्युलन्सचंही इंजिन उघडलं; तिथल्याही खाचा रिकाम्या. तिनं पहिली रिंग त्यांच्यापुढे धरली. “तुम्ही बसवा, मी बघते.”

“नको. तू बसव.” त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले. “मी नुसता बघतो.”

आणि डॉक्टरकडे जाऊ या, असं तिनं भीतभीत काढलं, तेव्हा तापातही दवाखान्याची पायरी न चढणारा हा माणूस एका शब्दानं वाद न घालता शर्ट बदलायला उठला. ती हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.