कपाळमोक्ष

नोंदीत:

"आयोगाच्या सदस्यांपैकी कुणाला ओळखता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"इंजिनिअर सदस्यांना. माझे काका. म्हणजे वडिलांचे मित्र. सायकल त्यांनीच शिकवली मला."

थोडा हशा.

"कुणाची हरकत?"

कंत्राटदाराचा वकील उठलासुद्धा नाही. "आमची? छे, मुळीच नाही."

नोंदीबाहेर:

तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मी खुशीत होते.

जलशुद्धीकरण केंद्राच्या टाकीची भिंत फुटली, त्यात माझा नवरा गेला आणि त्याच्याबरोबरचे दोघं ऑपरेटर. कंत्राटदाराचं म्हणणं, भिंत भक्कम होती, माझ्या नवऱ्यानेच व्हॉल्व्ह उघडायला उशीर केला. त्या दोन घरांना आयोगावर भरवसा नव्हता, थेट कोर्टात जायचं होतं. मीच त्यांच्या दारात ठाण मांडून बसले. "काका आहेत ना आयोगावर! खोट्याला खोटं म्हणतील." माझ्या शब्दावर ती माणसं थांबली.

नोंदीत:

स्थळपाहणी. सर्व सदस्य केंद्रात प्रथमच येत असल्याचे सांगतात. वीज बंद. व्हॉल्व्हचे तळघर शाबूत.

नोंदीबाहेर:

तळघराच्या जिन्यात मध्येच एक तुळई आडवी येते. जिना आधी बांधला की तुळई, देव जाणे. तिथल्या लोकांनी तिचं नाव ठेवलंय कपाळमोक्ष. नव्या माणसाला सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. नवरा घरात पाऊल टाकताच सुरू व्हायचा, "आज ऑडिटर! टेंगूळ बघायला हवं होतंस!"

मी आणि केंद्रातला फिटर आधीच खाली जाऊन उभे होतो. वरून काका उतरू लागले, सगळ्यांच्या पुढे, मागे वळून न्यायाधीशांना काँक्रीटबद्दल काहीतरी समजावत. बोलता बोलता त्यांनी मान खाली घातली. तुळई डोक्यावरून मागे गेली. मान वर. वाक्य तुटलंसुद्धा नाही.

ठक्क. "अरे देवा!" न्यायाधीश.

ठक्क. सचिव.

कोपऱ्यातून फिटर हळूच म्हणाला, "वहिनी."

"बघितलं."

"मला वाटलं, मलाच भास झाला."

स्वयंपाकघरात, त्याच संध्याकाळी. इथे कसली नोंद?

"काका, तुम्ही आधी गेला होतात तिथे."

"कोण म्हणतं?"

"तुमची मान."

ते हसले. मग कप खाली ठेवला. "अगं, बांधकाम चालू होतं तेव्हा जाणं-येणं व्हायचं. कंत्राटदाराचा सल्लागार होतो, नावापुरता. भिंतीची जाडी एवढी चालेल का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. झालं."

"उद्या न्यायाधीशांना सांगा हे."

"वेडी आहेस? मला काढतील. दुसरा कुणी आला तर तुझ्या नवऱ्याला पार धुऊन काढेल. मी असलो तर निदान अहवालात सौम्य शब्दांत घालता येईल."

"काय घालणार?"

"चूक."

"कुणाची?"

त्यांनी गार झालेल्या चहावर फुंकर मारली. "हे बघ बाळ, मी आहे ना."

सायकल शिकवतानाही हेच म्हणायचे. धरलंय, मी धरलंय. मागे वळून बघावं तर ते केव्हाच लांब राहिलेले असायचे.

नोंदीत (निदान मी तरी बोलले):

"साहेब, एका सदस्याबद्दल माझी हरकत आहे."

न्यायाधीशांच्या कपाळावर पट्टी होती. "कारण?"

"कपाळ कसं आहे तुमचं?"

"ठणकतंय अजून." हशा.

"आणि सचिवांचं?"

सचिवांनी नुसतंच टेंगूळ चाचपलं.

"तुमच्यात सगळ्यांत उंच इंजिनिअर सदस्य. अंधारात सगळ्यांत पुढेही तेच होते. त्यांचं कपाळ बघा जरा. आणि ती तुळई त्यांना कुणी दाखवली होती, ते त्यांनाच विचारा."

हसू विरलं. काकांचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

या वेळी कंत्राटदाराचा वकील ताडकन उठला. "आमचा याला सक्त विरोध आहे!"

मागच्या रांगेत ती दोन घरं बसली होती. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

टंकलेखकाने मान वर केली. "हरकत कुणाबद्दल, बाई? मागच्या वेळी 'काका' लिहिलंय. तसंच ठेवू?"

"नाही," मी म्हटलं. "माझे ते कुणी नाहीत."