अर्धी नळी

नानाजी पाखरी आणि भुरी या आपल्या दोन घोड्या वरातीसाठी भाड्यानं देत. नागपुरात घोडीवाले पुष्कळ, पण पांढऱ्या पाखरीसारखी घोडी दुसरीकडे नाही, असं नानाजी कोणी न विचारताही सांगत. अलीकडे मात्र तेही गप्प होते. खुराक दुप्पट केला तरी पाखरीच्या फासळ्या दिसत, शेपटीचे केस भिंतीला घासून गेले होते, आणि आठवड्यात दोनदा पोट दुखून ती जमिनीवर लोळली होती.

सून कामिनी नरखेडकडची, शेतकऱ्याची लेक. ती म्हणाली, "मामाजी, हिच्या पोटात जंत असन."

"आपल्या घोडीले जंत? सहा-सहा महिन्यानं औषध देतो मी." नानाजींना तो शब्दच झोंबला. तीन पिढ्या घोड्यांत गेलेल्या घराला काल आलेली सून जंत शिकवते म्हणजे काय!

कामिनीनं वाद घातला नाही. सकाळची ताजी लीद डब्यात भरून तिनं जनावरांच्या डॉक्टर चिन्मयी यांच्याकडे पोचवली. दुपारी डॉक्टर तपासणीचा कागद घेऊन तबेल्यात हजर. एका ग्रॅम लिदीत जंतांची तब्बल चौदाशे अंडी निघाली होती.

"औषध पूर्ण देता ना?" त्यांनी विचारलं.

शेजारचे दोन घोडीवाले कान टवकारून उभे होते. नानाजींनी मान डोलावली.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग या जंतांना ते औषध लागू पडत नाही. दुसरं, जास्त कडक द्यावं लागेल. इतक्या अशक्त घोडीला ते सोसेल की नाही, सांगता येत नाही."

नानाजींनी पाखरीकडे पाहिलं. तिला उभं राहणंही जड जात होतं.

"मॅडम, खोटं बोललो मी. औषधाची एकच नळी आणतो अन् पाखरीले नि भुरीले अर्धी-अर्धी देतो. घरात दोघीजणी, एकीले देऊन दुसरीले कसं उपाशी ठेवू?"

घोडीवाले तोंड फिरवून हसले. नानाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. अर्ध्या औषधानं लेचेपेचे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. आधी हेच औषध वजनाप्रमाणे पूर्ण देऊन बघू."

कामिनीनं शिवणाची टेप आणली. पाखरीच्या छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजून डॉक्टरांनी वजन काढलं. नानाजींनी जबडा धरला, कामिनीनं नळी जिभेवर मागे रिकामी केली, आणि थेंबही सांडू नये म्हणून नानाजी कितीतरी वेळ पाखरीचं तोंड वर धरून उभे राहिले. भुरीला तिची वेगळी नळी मिळाली.

दोन आठवड्यांनी पुन्हा लीद तपासली. अंडी शून्य. पाखरी खुराकाची बादली चाटूनपुसून साफ करू लागली. नानाजींनी तो शून्याचा कागद खिशात घातला आणि भेटेल त्याला दाखवत सुटले.

लगीनसराईच्या तोंडावर तेच दोन घोडीवाले आपल्या घोड्यांचं गाऱ्हाणं घेऊन आले.

"माह्या सुनेले इचारा," नानाजी म्हणाले. "मोजमाप तिले समजते."

"पण नानाजी, चूक कोणाची होती गा?" एकानं मुद्दाम खोडी काढली.

"माही," नानाजी ठणकावून म्हणाले. "अन् तुमच्यासमोर कबूल बी मीच केली. म्हणून पाखरी जित्ती हाये."