दंडावरचं कालव

हुहाना पायऱ्यांखाली पोटावर सरपटत गेली आणि बोटांनी ओली माती चाचपू लागली. बाटलीचं झाकण, कपड्यांचा मोडका चिमटा, कोंबडीची पिसं. कालही हेच हाताला लागलं होतं. परवाही.

"हुहाना! अगं ए!"

पायऱ्यांवर टामाचे बूट वाजले. टामा तिचा मावसभाऊ, काटारीना मावशीचा थोरला.

"तुझी आई तिकडे पेटीत झोपलीय आणि तू इथे घुशीसारखी माती काय उकरतेस? बस वळणावर दिसली. दक्षिणेकडचे पाहुणे आले की झाकण लावणार."

"आलेच."

"एवढं काय हरवलंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणे! तीन दिवस काही नाही शोधतेयस. माझी आई भडकलीय. पेटीजवळच्या माणसानं पेटीजवळ बसावं, गावभर हिंडू नये, असं म्हणत होती. मी सभ्य शब्दांत सांगतोय."

हुहाना बाहेर आली. काळ्या झग्यावर गुडघ्यांपाशी चिखल लागला होता, डोक्यावरची सुतकाची पानांची माळ एका कानावर घसरली होती. टामानं ती सरळ केली आणि पुढे काही न बोलता तिच्याबरोबर कुंपण ओलांडून मराएच्या, गावच्या सामाईक आवारातल्या, सभाघराकडे चालू लागला. टामा गप्प बसला म्हणजे त्यालाही तिची दया आली असणार, आणि ते तिला जास्तच लागलं.

ती शोधत होती ते अर्ध्या अंड्याएवढं होतं. पांढरं, गुळगुळीत. त्याला नळी नाही, तार नाही. दंडावर चिकटवायचं, आतली बारीक सुई आपली आपण रुतते आणि तीन दिवस ते थेंबाथेंबानं इन्सुलिन सोडत राहतं. मग ते काढून टाकायचं आणि दुसरं लावायचं. आई त्याला कालव म्हणायची. खाडीतल्या खडकाला कालव धरून बसतं, तसं ते तिच्या दंडाला धरून बसायचं.

हे यंत्र घरात आणलं हुहानानंच. आईला तिशीपासून मधुमेह. चाळीस वर्षं तिनं स्वतःला सुया टोचून घेतल्या, आणि पोटावर टोचायला जागा उरली नाही तेव्हा हुहाना हट्टाला पेटली. काटारीना मावशीनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं.

"सुई टोचली की माणसाला कळतं तरी. हे मुकं मेलं आत काय करतंय, कोणाला ठाऊक?"

मुकं मात्र ते नव्हतं. बिघडलं किंवा मुदत संपली की ते असं काही किंचाळायचं, की कानात बोटं घालावीत. एकदा भर हाउजीच्या खेळात ते ओरडायला लागलं. आग लागली म्हणून सगळा हॉल बाहेर पळाला. आई तेवढी आपल्या आकड्यांवर हात ठेवून बसून राहिली, आणि लोक परत आले तेव्हा म्हणाली, "चला, पुढचा आकडा बोला, मला दोनच हवेत."

गेल्या रविवारी पहाटे, अंधारातच, हुहानाला ऑकलंडला निघायचं होतं. विमानतळावरची तिची पाळी दुपारची, आणि रस्ता लांबचा. गाडी चालू करून ठेवून ती आत आली, आईचा दंड स्पिरिटनं पुसला आणि नवं कालव लावायला घेतलं.

"वाळू दे गं नीट," आई म्हणाली होती. "ओल्यावर धरत नाही ते."

"आई, मला उशीर होतोय."

एवढंच. ओल्या दंडावरच तिनं ते दाबलं, आईच्या गालाचा मुका घेतला आणि निघाली. रात्री फोन केला तेव्हा आई म्हणाली, तोंडाला कोरड पडलीय, टामानं आणलेले खारे मासे जास्त झाले बहुतेक. हुहाना म्हणाली, पाणी पी आणि झोप. सोमवारी सकाळी पापा चहाचा कप घेऊन खोलीत गेले तेव्हा आई गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. हृदय अधू होतं हे सगळ्यांना माहीतच होतं. हुहानानंही मान डोलावली असती. पण अंत्यविधीसाठी आईला नटवून आणणाऱ्या हॅडलीला तिनं सहज विचारलं होतं, दंडावरचं ते यंत्र तुम्ही काय केलंत?

"दंडावर काही नव्हतं, बाई," तो म्हणाला होता. "मी स्वतः आंघोळ घातली. दोन्ही दंड मोकळे होते."

म्हणजे ते गळून पडलं होतं. कधी? रविवारी सकाळीच? दिवसभर आणि रात्रभर आई इन्सुलिनवाचून होती, म्हणून तिच्या तोंडाला कोरड पडली होती, आणि आपण तिला खुशाल पाणी पी म्हणालो. यंत्राबरोबर मिळालेला, आकडे दाखवणारा हातातला छोटा पडदा बघितला असता तर काही कळलं असतं, पण तो चार्ज करायला आई नेहमीच विसरायची. आता तो तिच्या चष्म्याशेजारी पेटीत होता, काळाठिक्कर. तो चालू करून बघायची हुहानाची छाती झाली नाही. त्याऐवजी ती कालव शोधत होती. अंथरुणात, न्हाणीघराच्या जाळीत, गवतात, पायऱ्यांखाली. ते जिथे सापडेल तिथे आपण आईला मारलं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर मावशी काय म्हणाली असती, ते तिला पाठ होतं.

सभाघरात दाटी झाली होती. पेटीभोवती आधी गेलेल्यांच्या तसबिरी मांडल्या होत्या. आईला तिची पिसांची शाल पांघरली होती, ओठांना हॅडलीनं जरा जास्तच लाली लावली होती. डावीकडे मावशी, उजवीकडे गादीवर पापा. पापांनी पहिल्याच दिवशी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. रडणं कानाला बोचतं, म्हणाले. तेव्हापासून कोण काय बोलतंय याच्याशी त्यांना देणंघेणं उरलं नव्हतं. उजवा हात कोटाच्या खिशात घालून ते बसून होते. लोक येत, रिवाजाप्रमाणे वाकून नाकाला नाक लावत, आणि पापा डावा हात पुढे करत.

"बघ तुझा बाप," मावशी कुजबुजली. "खिशात हात घालून बसलाय, जसा बसची वाट बघतोय. आणि तू आलीस चिखलात लोळून. मेरेआना, बघतेस ना गं तुझं कुटुंब?" शेवटचं वाक्य पेटीला उद्देशून होतं.

पाहुणे आले, रडले, बोलले, गायले. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं. टामा आणि पाच जणांनी झाकण उचललं. हुहाना वाकून आईच्या कपाळाला कपाळ लावत होती, आणि तेवढ्यात पेटीतून किंकाळी उठली.

एकसुरी, धारदार, दम न घेणारी. आधी कोणाला काही सुचलंच नाही. मग एक पोर ओरडलं, मागच्या बायका धडपडत उठल्या, कोणीतरी दाराबाहेर पळालं. पाद्रीबाबांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. झाकण एका बाजूला कललं आणि टामानं ते गुडघ्यावर तोलून धरलं, तोंड उघडं ते उघडंच. बाहेर कुत्री भुंकू लागली. काटारीना मावशी, जी कोणाच्या बापाला भीत नसे, तिनं दोन्ही हातांनी पेटीची कड घट्ट धरली.

"मेरेआना," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला कोणी कधी ऐकला नव्हता. "काय झालं गं?"

हुहानाला भुताची भीती वाटली नाही. तो आवाज तिनं ओळखला होता. मग हॅडली खोटं बोलला! ते इथेच होतं. तिनं शाल बाजूला सारली, आईची बाही वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्या दंडाला हात लावला, आणि तो एवढा गार असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दंड मोकळा होता. दुसरा दंड. तोही मोकळा. उशीखाली काही नाही, पायांशी काही नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी आईच्या दंडावर टपटप पडत होतं आणि आवाज चालूच होता.

मग तिचं लक्ष पापांकडे गेलं.

अख्ख्या घरात तेवढा एकच माणूस जागचा हलला नव्हता. ते गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालं?" त्यांनी बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं. "बस आली का?"

मग त्यांचा चेहरा बदलला. खिशातला हात हळूहळू बाहेर आला. मुठीत रुमाल होता, रुमालात ते पांढरं कालव, आणि किंकाळी त्यांच्या तळहातातून येत होती. ती त्यांना ऐकूच येत नव्हती. ते बोटानं त्याच्या पाठीला पुन्हा पुन्हा टिचकी मारत होते.

"थांबलं," ते म्हणाले. "आत्तापर्यंत चालू होतं. आत्ता थांबलं."

त्यांनी ते पुन्हा तळहातात दाबून पाहिलं.

"हाताला लागायचं. टिक करून. जरा वेळानं पुन्हा टिक." त्यांनी हुहानाकडे पाहिलं. "ती गेली तरी हे चालूच होतं पोरी. कसं टाकून देणार?"

हुहानाला वाटलं, आपण आता या म्हाताऱ्याला गदागदा हलवणार.

"पापा, तीन दिवस मी हेच शोधतेय!"

"आँ?"

"मी हे शोधत होते! हे!"

"हे होय? मला वाटलं, कानातलं हरवलं तुझं."

"तुम्ही कधी काढलंत?"

"ओरडून बोल."

मग ती ओरडली. तीन दिवस गिळून ठेवलेलं सगळं, तीन गावच्या पाहुण्यांसमोर, त्या किंकाळीच्याही वर आवाज चढवून तिला ओरडावं लागलं.

"तुम्ही काढलंत, तेव्हा ते नीट चिकटलेलं होतं का? मी रविवारी ओल्यावरच लावलं होतं, पापा! ती वाळू दे म्हणत होती, मी वाळू दिलं नाही! ते सुटलेलं होतं का?"

पापांनी कपाळाला आठ्या घातल्या. मुलगी काय विचारतेय ते त्यांना ऐकू आलं, पण का विचारतेय ते कळलं नाही.

"सुटलेलं?" ते म्हणाले. "हॅडलीची गाडी फाटकात येईपर्यंत सोडवत बसलो होतो. खरं कालव परवडलं, सुरी तरी लावता येते. तिला दुखू नये म्हणून कडेकडेनं कोमट पाणी लावलं. तरी नख तुटलं माझं. हे बघ." त्यांनी अंगठा पुढे केला. नख खरंच अर्ध्यात तुटलेलं होतं. "आणि सुटेल कसं? रात्रभर तो दंड माझ्या पाठीला असतो. रविवारी रात्रीही होता. टिकटिक चालू होती. दोन वर्षं मला तिच्यावरच झोप लागते."

हुहानानं त्या तुटक्या नखावरून बोट फिरवलं. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाही कळेना. तोंडातून निघाला तो आवाज दोन्हींपैकी कशाचाच नव्हता.

"अरे, कोणी त्या मेल्याचं तोंड बंद करा आधी," टामा झाकणामागून म्हणाला. "हातोडा आणू का?"

काटारीना मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग तिनं आपल्या हॅटची पिन उपसून हुहानापुढे धरली. हुहानानं पापांच्या तळहातावरून कालव उचललं, पाठीवरच्या, आवाज बंद करायच्या बारीक भोकात पिनेचं टोक दाबलं. आवाज तुटला. एकाएकी इतकं शांत झालं, की खाडीवरचे पक्षी ऐकू येऊ लागले.

"ते तिचं आहे," पापा म्हणाले. "तिच्याबरोबरच जाऊ दे."

हुहाना पेटीशी गुडघ्यांवर बसली. डिंक अजून थोडा शिल्लक होता, कडेला चिकट लागत होतं. तिनं आईची बाही पुन्हा वर केली. दंडावर तिच्याच डोळ्यांतलं पाणी सांडलं होतं. झग्याच्या कोरड्या टोकानं तिनं ते टिपलं, मग पुन्हा टिपलं, आणि त्या जागेवर हलकेच फुंकर घालू लागली. गडबडीनं उठलेले लोक एकेक करून परत आत येत होते. पाद्रीबाबांनी पुस्तक उचललं आणि ते खाकरले. हुहाना फुंकर घालत राहिली.

"आई गं, झाकण जड आहे," टामा हळूच म्हणाला. "किती वेळ?"

काटारीना मावशीनं मान वळवली नाही. तिची नजर त्या दंडावर होती.

"धरून ठेव मुकाट्यानं," ती म्हणाली. "वाळू दे नीट."